तीनशे घोंगड्यांची मधली शिवण

मित्रांनो, मी आज जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच लिहून देते. मी एका बिबट्याचा कान शिवलेला आहे. हसू नका. ऊसतोडीचे दिवस होते, भर दुपार होती, आणि माझी मालकीण रत्ना पाणी आणायला गेली होती. बिबट्या आला, स्टुलावर बसला आणि फाटलेला कान त्याने आपणहून माझ्या सुईखाली धरला. माझा पायटा, म्हणजे पायाने हलवायची फळी, कोणी मारला असं विचाराल, तर त्याला चार पाय असतात एवढंच सांगते. मी सात टाके घातले. त्या दिवशी माझ्यात गुलाबी दोरा होता. बोरी बुद्रुकच्या शिवारात गुलाबी दोऱ्याचा बिबट्या तुम्हाला दिसला नसेल, तर तो तुमच्या डोळ्यांचा दोष आहे.

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. तुमच्या शाळेच्या कार्यानुभवाच्या खोलीत, खिडकीपाशी, जगाच्या नकाशाखाली माझी जागा आहे. बाईंनी आज तुम्हाला माझ्याभोवती बसवलं आहे ते माझी हकिकत ऐकायला. बिबट्याची गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली. जी सांगायला हवी ती गोष्ट जिभेवर येत नाही, म्हणून दुसऱ्या दहा सांगते. ही माझी जुनी खोड.

थापा मारायला मी जन्मतःच शिकले. माझा जन्म लुधियानाचा. तिथल्या भट्टीत माझं लोखंड वितळलं, तिथल्याच एका कारागिराने मला घासून गुळगुळीत केलं. पण माझ्या गळ्यावर सोनेरी अक्षरांत नाव लिहिलं ते विलायती. का, तर तसल्या नावाची मशीन लवकर खपते. दुकानात लोक ते नाव बघून माझ्यावरून अलगद हात फिरवायचे. मी गप्प बसायचे. मला ते आवडायचं. दुसऱ्याच्या नावाखाली मिरवण्यात काही चूक असते, हे तेव्हा कोणी मला शिकवलं नव्हतं.

रत्नाच्या लग्नात तिच्या मामाने मला दिलं. बोरीला आले आणि कामाला लागले. तुमच्या आधीच्या किती मुलांचे गणवेश मी शिवले! शर्टाचे खिसे, कांद्याची पोती, बैलांच्या झुली, मेंढरांमागे जाणाऱ्या बायांच्या बटव्यांना बंद. रत्नाची शिवण उसवत नाही, असं पिंपळवंडीपर्यंत बोललं जायचं. रत्ना मला रोज पुसायची, आठवड्याला तेल द्यायची, आणि आषाढात माझ्यावर प्लॅस्टिकचा कागद घालायची. सुखाचे दिवस होते ते.

आमच्या भिंतीला भिंत लावून राघूबाबांचं घर. राघूबाबा धनगर. पूर्वी वाडवडिलांची मेंढरं होती, आता थोडी राहिली होती. पण घरातला माग मात्र चालू होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून राघूबाबा बसायचे आणि घोंगडी विणायचे. त्यांची बायको चिमाबाई ओसरीवर लोकर पिंजायची, चरख्यावर सूत काढायची. भिंतीपलीकडून मागाचा खटका यायचा, अलीकडे माझी घरघर. दोघी जणी दळायला बसल्यासारखं वाटायचं मला.

त्यांच्या मागाची रुंदी हात-दीड हातच. त्यामुळे एका घोंगडीसाठी दोन लांब पट्ट्या विणायच्या आणि मध्ये हाताने जोडायच्या. ही मधली शिवण राघूबाबा कुणाला घालू द्यायचे नाहीत. रत्नाने एकदा म्हटलं होतं, "बाबा, द्या की, मशिनीवर दोन मिनटांत मारून देते."

"नगं पोरी," ते म्हणाले होते. "लोकर वली झाली की आवळती. हाताचा टाका तिच्यासंगं आवळतो. तुझ्या मशिनीचा दोरा आडून बसंल."

मला राग आला होता त्यांचा. खरं सांगते, बराच काळ टिकला तो राग.

त्यांचा मुलगा पप्पू चाकणकडच्या एका कारखान्यात कामाला होता. एके वर्षी त्या कारखान्याने तो ज्यात काम करायचा तो सगळा विभागच उचलून दुसऱ्या देशात नेला. यंत्रं गेली, काम गेलं, माणसं इथंच राहिली. पप्पू बायको-मुलीला घेऊन घरी आला. हिरा तेव्हा बालवाडीत होती. आता ती तुमच्याच वर्गात आहे, ती बघा, आज माझ्याकडे बघतच नाही.

आणि त्याच सुमारास भगवंतशेठ आला. अवसरी बुद्रुकचा माणूस, मंचरला दुकान, हातात दोन फोन. पुण्याच्या कुठल्याशा मंडळाला पंधरा ऑगस्टला निवृत्त जवानांचा सत्कार करायचा होता. शाल नको, आपल्या मातीतली घोंगडी हवी. तीनशे नग.

"सगळ्या तुमच्याकडनंच घेनार, बाबा," तो राघूबाबांना म्हणाला. "फक्त नमुना द्या. मंडळाला दावायला."

राघूबाबा आत गेले आणि देवाच्या बैठकीची घोंगडी घेऊन आले. घरात कार्य असलं की हीच घोंगडी अंथरून तिच्यावर देव मांडायचे. तिच्यावर कोणी पाय ठेवत नसे.

चिमाबाई उठून उभी राहिली. "आवो, दुसरी द्या की. ती देवाची हाय."

"म्हनूनच देतो. पावन्याला काय हलकी दावायची?"

"पावना कसला, व्यापारी हाय त्यो."

"दारात आलाय नव्हं."

झालं. भगवंतशेठने घोंगडी घडी करून गाडीत टाकली. दुसऱ्या कोणी आपल्या मालातला बरासा तुकडा नमुना म्हणून दिला असता. या घराने देवाखालची काढून दिली.

नंतरचे दोन महिने भिंतीपलीकडे लगबग होती. पप्पू खड्ड्यात पाय सोडून माग शिकत होता आणि राघूबाबा त्याच्या मागे उभे राहून ओरडत होते. "आरं, पायाखालची पट्टी हाय ती, ब्रेक हानतोस का काय? हळू." आळीतल्या चार बाया चिमाबाईच्या ओसरीवर सूत काढायला यायला लागल्या. चिंचोक्यांची खळ शिजल्याचा वास सगळ्या आळीत पसरायचा. सुताला ताठपणा यावा म्हणून ती लावतात. तीनशे घोंगड्या झाल्या की पप्पूला पुन्हा गाव सोडावं लागणार नाही, असं सगळं घर धरून चाललं होतं.

मग एक दिवस टेम्पो आला. तो राघूबाबांच्या दारात थांबला नाही. आमच्या दारात थांबला.

गठ्ठे उतरले. रत्नाने एक उसवला. आत घोंगड्या होत्या. काळ्या, पांढऱ्या कडेच्या, अगदी राघूबाबांच्या नमुन्यासारख्या. पण त्यांना वास नव्हता. समुद्रापलीकडच्या कारखान्यात, थोडक्या दिवसांत, नमुना पाहून काढलेल्या. लोकरीचा एक केस त्यांत नव्हता. सगळा प्लॅस्टिकचा धागा.

"दोन कामं," भगवंतशेठ म्हणाला. "कोपऱ्यात हे लेबल. आन् मधनं एक शिवण मार. तिकडच्या कारखान्यानं अख्खी एका पट्टीत काढलीया. मंडळातल्या एखाद्या म्हाताऱ्याला ठावं असायचं की खरी घोंगडी जोडलेली असती."

लेबलाला तिरंगी काठ होता. त्यावर छापलं होतं : स्वदेशी. सह्याद्रीच्या मेंढपाळांनी हाताने विणलेली.

रत्नाने लेबल दोनदा वाचलं. "राघूबाबांना सांगितलंय का, शेठ?"

"सांगू की. आधी ह्या हातावेगळ्या होऊ दे. त्येंच्या मागावर तीनशे व्हायला दिवाळी उजाडंल."

"पर ही लबाडी हाय."

"कसली लबाडी? तुझा फोन कुठला? ह्या मशिनीची सुई कुठली, बघितलीस कधी? जग एक झालंय, रत्ना. तू नाय शिवल्यास तर मंचरला धा जनी बसल्यात."

त्याच्या एवढ्या बोलण्यात एकच गोष्ट खरी होती, आणि नेमकी ती मला लागली. माझी सुई खरंच परदेशी होती. मी तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

रत्ना बसली. तिने पायट्यावर पाय ठेवले. आणि मित्रांनो, मी शिवलं.

लोकर सुईला थोडी अडते. तिच्यात काटे असतात, गाठी असतात, कधी वाळलेलं गवत असतं. हे कापड अडलंच नाही. सुई लोण्यातून जावी तशी गेली. जिथे जोड नव्हता तिथे मी जोड दाखवला. जिथे मेंढपाळ नव्हता तिथे मेंढपाळ लिहिला. आणि लाज वाटते सांगायला, पहिल्या चार घोंगड्यांना मला गंमतच वाटली. जी शिवण राघूबाबा मला घालू देत नव्हते ती मी घालत होते. पाचवीला भिंतीपलीकडचा खटका ऐकू आला. बाप-लेक त्याच तीनशे घोंगड्यांसाठी विणत होते.

आता मी या नकाशाखाली उभी असते. बाई तुम्हाला काठीने देशाची सीमा दाखवतात. मी त्या रेघेकडे बघत बसते. कापडाचे गठ्ठे तिच्यावरून आरामात येतात. कारखान्याचा अख्खा विभाग तिच्यावरून निघून जातो. राघूबाबांची पंधरा मेंढरं मात्र शेजारच्या गावाच्या बांधावर अडतात आणि दगड खातात. देश आपला आहे असं म्हणायचं तर आपल्या माणसाच्या हाताला त्यात जागा हवी की नको? मला शिवण्यापलीकडचं कळत नाही. पण त्या देशाचे तीन रंग मी स्वतः कापडावर टाचले, आणि जागा मात्र दुसऱ्याला दिली.

साठ झाल्या त्या दिवशी राघूबाबा आले. पायजम्याची नाडी घालून घ्यायला आले होते. बोटाला हिरा होती. रत्नाला गठ्ठा झाकायलाही वेळ मिळाला नाही. त्यांनी वरची घोंगडी उचलली, अंगठा मधल्या शिवणीवरून इकडून तिकडे नेला आणि पुन्हा परत आणला.

"हाताची शिवन इतकी सरळ नसती, रत्ना."

रत्नाने उरलेली लेबलं मुठीत गोळा केली.

"किती झाल्या?"

"साठ."

"म्हंजी बाकीच्या ऱ्हायल्यात." त्यांनी गठ्ठ्यांकडे बघितलं. "तेवढ्या तरी देईल का त्यो आमाला? आमच्या चाळीस तयार हायेत."

"मी काय सांगू, बाबा? मला दिल्यात तेवढ्या मी करते."

त्यांनी घोंगडी होती तशी घडी करून ठेवली. कडेला कड लावून, जणू स्वतःच विणलेली. नाडी न घालताच गेले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून चिमाबाईचा आवाज आला. "रत्ने, आमच्या देवाची बैठक कुठल्या देशात ऱ्हायली, तेवढं तरी इचार तुझ्या शेठला."

मित्रांनो, हे मात्र मला सहन झालं नाही. मी थांबले. एकसष्टावी घोंगडी सुईखाली होती, आणि मी चाक आवळून धरलं. रत्नाने पायटा मारला, मी हलले नाही. नारायणगावहून मिस्त्री आला, त्याने घाम गाळला आणि हात टेकले. मग पुण्याहून इंजिनिअर आला, टाय लावून. त्याचे तीन पाने वाकले. भगवंतशेठने दोन रेडे आणून माझ्या चाकाला दोर बांधला. रेडे दमले, दोर तुटला, मी जागच्या जागी. सगळी आळी बघायला लोटली होती. शेवटी भगवंतशेठने टोपी काढली आणि मान खाली घालून राघूबाबांच्या दारात गेला. माझ्या हातच्या साठ मी एका दमात उसवून दिल्या. आलेले गठ्ठे आले तसे बोटीने परत गेले. देवाची घोंगडी मानाने घरी आली. पंधरा ऑगस्टला जवानांच्या खांद्यांवर खरी लोकर पडली, आणि पप्पू आजतागायत आपल्या खड्ड्यात पाय सोडून विणतो आहे. जाऊन ऐका, खटका येतो अजून.

म्हणून सांगते मुलांनो, नुसतं लेबल वाचून वस्तूला हात जोडू नका. ती उलटी करा, शिवणीवरून बोट फिरवा, कोणाच्या हातून आली ते विचारा. आणि आमच्यासारख्या जुन्या यंत्रांची निगा राखा. वेळ आली तर आम्हीच अशा ठाम उभ्या—

"न्हाई."

हिरा उभी राहिली होती.

"हिरा, खाली बस," बाई म्हणाल्या.

"न्हाई बाई, ती खोटं बोलती. मी व्हते तिथं." ती माझ्याकडे बघत होती, सरळ. "मिस्त्री न्हाई आन् रेडं न्हाई. आमच्या मागाच्या खड्ड्यात आज्जीनं माती भरून कढीपत्ता लावलाय. माझं वडील भिवंडीला गोदामात तसलंच गठ्ठं उतरवत्यात. तू अडली व्हतीस, त्ये खरं हाय. तुझं तेल संपलं व्हतं. कुईकुई करून थांबलीस. रत्नाकाकी रडाया लागली, टेम्पो सकाळी यायचा व्हता. मग आजोबा घरनं बाटली घेऊन आलं. झाकान मी धरलं व्हतं. त्येंनी तुला सगळीकडं तेल दिलं, फडक्यानं पुसलं, आन् म्हनलं, मशिनीचा काय दोष, बाईचं काम अडाया नगं. आन् लगीच चाललीस तू. पार तीनशे हुईस्तवर."