बेरिलची किटली

इमोजेनने चौथं कार्ड टेबलावर ठेवलं. चित्रात एक बाई, हातात पिशवी, आणि पुढे सुटलेली बस.

"बेरिल, ही बाई काय करतेय?"

"बस," माझी बायको म्हणाली.

"बस आहेच. पण बाई काय करतेय?"

"बाई. पिशवी. बस." बेरिलने डाव्या हाताने टेबलावर चापट मारली. शब्द आत कुठेतरी अडलाय, हे तिला कळत होतं आणि त्याचाच तिला राग येत होता.

मी सिंकपाशी उभा होतो. माझ्या जिभेला नुसती खाज सुटली होती. अहो, एकतीस वर्षं मी या खोऱ्यातली बस चालवली. बसमागे माणसं किती तऱ्हांनी येतात, ते आरशात माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. शाळेतल्या पोरी उधळतात. म्हाताऱ्या तुरुतुरु येतात. बँकेतला साहेब धावत नाही, नुसता भराभर चालतो, कारण धावलं की अब्रू जाते. आणि मी? वेळ झाली की दार बंद. क्लिफर्ड कुणासाठी थांबत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"धावतेय," मी बोलून गेलो.

इमोजेनने माझ्याकडे पाहिलं. वाचा पुन्हा शिकवायला दर मंगळवारी दवाखान्यातून येणारी ही पोरगी माझ्या नातीच्या वयाची, पण नजर हेडबाईंची. "तुम्हाला शब्द येतात हे मला माहीत आहे, क्लिफ," ती म्हणाली. "यापुढे मनात दहापर्यंत मोजायचं. तोंड उघडायचं नाही."

फेब्रुवारीत बेरिलला झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढायला लागला, आणि बोलणं गेलं. त्यातलं थोडं परत आलं, पण विचित्र रीतीने आलं. वस्तूंची नावं आली. कप, मांजर, खिडकी, सगळं बरोबर. पण मांजर काय करतं, ते येईना. नेमकी क्रियापदंच गेली, आणि तीही कुणाची? सव्वीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर चालवलेल्या बाईची! दोनशे पोरांचं जेवण ती नुसत्या क्रियापदांवर वाढायची. उचल, पूस, ढवळ, आवर, पळ. घरीही तेच. मला लग्नापासून अख्खं वाक्य क्वचितच मिळालं असेल.

तिला एकच गोष्ट हवी होती. आमच्या चॅपलचा, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चचा, वार्षिक चहा जूनमध्ये असतो. त्या चहाची एक मोठी किटली आहे, तीस कप मावतील एवढी. मागे एक दांडी, पुढे तोटीच्या वर दुसरी. ती किटली ज्या बाईच्या हाती, त्या दिवशी राज्य तिचं. पाद्रीसुद्धा तिला विचारून बिस्किट घेतात. बावीस वर्षं किटली बेरिलकडे होती.

मे महिन्यात चॅपलकडून फुलांचं चित्र असलेलं कार्ड आलं. खाली सगळ्यांच्या सह्या. या वर्षी तुम्ही फक्त आराम करा, किटली म्युरिएल सांभाळेल. आमच्याकडे माणसाला असं गोड बोलून बाजूला बसवतात, आणि त्यात कुणाच्या मनात वाईट नसतं. बेरिलने ते कार्ड हळूहळू वाचलं आणि मांजराच्या दुधाच्या बशीखाली सरकवलं.

"किटली," ती म्हणाली, आणि छातीवर हात ठेवला. "किटली. मी."

"अगं, पुढच्या वर्षी बघू," मी शहाण्यासारखा म्हणालो. दोन दिवस ती माझ्याकडे ढुंकून बघत नव्हती.

चहाच्या दिवशी हॉलमध्ये तिला खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसवलं. भर जूनमध्ये गुडघ्यांवर शाल. एकेक जण येऊन मोठ्याने, सावकाश बोलत होता, जणू ती बहिरी झालीय. केक चालतो का तिला, हे मात्र मला विचारायचे. आणि मी गाढव दरवेळी म्हणत होतो, चालतो, चालतो.

शेजारच्या खोऱ्यातल्या पाहुण्यांची बस अर्धा तास आधीच येऊन थडकली. अठ्ठेचाळीस माणसं! स्वयंपाकघरात एकच धांदल उडाली. बायका एकमेकींवर आपटायला लागल्या. कुणी लोणी लावलेल्या पावाला पुन्हा लोणी लावत होतं. सँडविचं कापायची राहिली होती, पाणी उतू चाललं होतं, आणि म्युरिएल, बाई सोन्यासारखी, पण किटलीचं झाकण हातात घेऊन जागच्या जागी गिरक्या घेत होती.

बेरिल उठली. शाल खाली पडली. पाय ओढत, काठी टेकत ती स्वयंपाकघरात शिरली, मी तिच्यामागे.

"क्लिफ, तिला बसव ना," म्युरिएल तिच्या डोक्यावरून मला म्हणाली. "पडेल रे ती."

माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं आणि मोजायला लागलो. एक, दोन, तीन. बेरिलचे ओठ हलत होते, मानेची शीर ताठली होती. पाच. सहा. एवढा लांब आकडा मी जन्मात मोजला नव्हता.

"सरक," बेरिल म्हणाली.

म्युरिएल सरकली. बावीस वर्षं ती या आवाजावर सरकत आली होती. तिच्या डोक्याआधी पायांनी ऐकलं. मग बेरिलने सुरीकडे बोट केलं. "काप." ओट्याकडे. "पूस." मध्ये मध्ये ती अडायची, सगळ्या थांबायच्या, आणि मग शब्द यायचा. एखादा चुकीचाही यायचा. तिने पाद्रींना ट्रे दाखवून "ढवळ" सांगितलं, आणि ते बिचारे बराच वेळ साखर ढवळत उभे राहिले. माझे डोळे भरून आले, ते मी चहाच्या वाफेवर ढकललं.

किटली भरली. बेरिलने डाव्या हाताने मागची दांडी धरली. उजवा हात पुढच्या दांडीवर ठेवला, पण बोटं मिटेनात. ती त्या हाताकडे बघत राहिली. मी पुढे झालो आणि तोटीवरची दांडी धरली.

बाहेर रांग लागली होती. रांगेच्या टोकाला पाहुण्यांचा ड्रायव्हर घड्याळ बघत होता. बिचाऱ्याची तगमग मला कळत होती. जुन्या सवयीने मी किटली घाईने कलती केली.

"थांब," बेरिल म्हणाली.

मी थांबलो. तिने उजव्या हाताची न वळणारी बोटं पहिल्या कपाला लावली, कप बशीत जरासा फिरवला, त्याचा कान पाहुण्यांकडे केला, आणि मग मला मान हलवून खूण केली.