बा मेहजूबची सायकल विमानात जाते

"वजन जास्त होतंय, हाजी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "एवढं जड खोकं विमानात चढवतच नाहीत."

"सायकल आहे ती, म्हैस नाही," बा मेहजूब म्हणाला. "नीट बघ परत."

मुलीनं परत बघितलं. आकडा तोच आला.

बाची लेक हनिया कपाळाला हात लावून उभी होती. "मी सांगत होते, बा, राहू दे ती सायकल. यूनुसच्या हॉलंडात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत."

"असतील. त्यांच्यावर मी बसलेलो नाही."

मोरोक्कोतल्या मर्राकेशच्या एकाच मोहल्ल्यात बानं सारा जन्म काढला होता. रोज सकाळी दारोदार जायचं, बायांनी थापून ठेवलेले कणकेचे गोळे फळीवर घ्यायचे, सायकलवरून भट्टीवर न्यायचे आणि भाजलेले गरम पाव ज्याचे त्याला पोचवायचे. कुणाच्या पावावर काट्यानं टोचलेलं, कुणाच्या अंगठ्याचा ठसा. खुणेवरून घर ओळखायचं. बायको गेली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी सायकल सुटली नाही. मग भट्टीच बंद करायचं ठरलं आणि यूनुसनं बापासाठी तिकीट पाठवलं. सायकल येणार असेल तरच मी येतो, एवढीच बाची अट होती.

ती खोक्यात भरायला सगळा मोहल्ला लोटला. पेडलं काढली, हँडल आडवं केलं, चाकांतली हवा सोडली. हवा सोडताना बानं तोंड फिरवलं. खोकं बंद करायचं काम मात्र बायांनी अंगावर घेतलं आणि तिथंच घोळ झाला.

हनियानं आता चिकटपट्टी ओढली, आत डोकावली आणि तिला हसूच फुटलं. आऱ्यांमध्ये, नळ्यांखाली, जागा मिळेल तिथं पाव कोंबलेले. काल भट्टीच्या शेवटच्या जाळावर भाजलेले. निघालेल्या माणसाला रिकामं कसं पाठवायचं?

"पाव काढले की बसेल वजन," मुलगी म्हणाली. "कचऱ्याचा डबा तिकडं..."

"पाव कचऱ्यात?" बाचा आवाज असा चढला की सगळी रांग वळून बघायला लागली.

मुलगी ओशाळली. "तोंडातून गेलं, हाजी. माफ करा."

एकेक पाव म्हणजे एकेक दार होतं. ती दारं इथं सोडायची की सायकल? त्याचे डोळे भरून आले. हनिया काही बोलणार, एवढ्यात त्यानं टोपी सारखी केली, पावांची चळत हातांवर घेतली आणि तो रांगेकडे वळला.

"घे बाबा, हा लल्ला तामूबाईचा. बडीशेप आहे, चहाबरोबर खा. हा इद्दरच्या सुनेचा, जरा करपलाय, पण पोरगी मनानं चांगली आहे. आणि तू गं? सकाळपासून उभी आहेस, घे तू पण."

काउंटरवरच्या मुलीनंही घेतला. नाही कुणीच म्हटलं नाही.

तळाशी एक पाव उरला. त्याच्यावर खूणच नव्हती. बा तो हातात धरून थांबला. त्याच्या बायकोनं पावाला कधी खूण केली नव्हती. "घरचा ओळखता येत नसेल, तर राहा उपाशी," म्हणायची.

"हा तू केलास?"

हनियानं मान डोलावली.

वजन बसलं. खोकं पट्ट्यावरून आत गेलं. ते दिसेनासं होईपर्यंत बा बघत राहिला. मग त्यानं पाव मोडला, अर्धा लेकीला दिला आणि तिथंच काउंटरपाशी दोघं उभ्याउभ्या खाऊ लागली.

"मीठ कमी पडलंय," बा म्हणाला.

"हो, बा."

"तिचंही कमीच पडायचं."

हनियानं डोळे पुसायला हात उचलला. तिच्या हातातला तुकडा खाली पडला. बानं गुडघा धरून वाकून तो उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि कुणाचा पाय पडणार नाही असा काउंटरच्या कडेला ठेवला. मग लेकीला पोटाशी धरलं आणि तो आत गेला.

मुलीनं पुढच्या प्रवाशाला बोलावलं. तो तुकडा तिनं हलवला नाही.