उकंडराव शेवटी काय म्हणाले

"दिवे लागल्याबिगर उठू नको, आजी. लोकं खुर्चीखाली चपला शोधत असतीन, तवाबी बसूनच राहा. लोकं खरं तवाच बोलतात."

नीलमने हे मला तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी उंबऱ्यात उभी होते, शिरपूरहून वाशीमला जाणाऱ्या बससाठी. तिच्या तोंडावर मास्क होता, डोक्याला माझी जुनी सुती ओढणी बांधलेली होती. अकरा वर्षांची माझी नात. रक्ताचा आजार. नागपूरच्या डॉक्टरांनी गर्दीत न्यायला सक्त मनाई केली होती, त्यामुळे दिवाळीपासून तिचं जग म्हणजे आतली खोली, खिडकी आणि तिच्या बापाचा मोबाईल.

मोबाईलवर तिला एका सिनेमाचं वेड लागलं होतं. शंभर वर्षांनंतरची पृथ्वी, आणि एक कुटुंब जुन्या मालवाहू यानात बसून हरवलेल्या आत्याला शोधायला निघतं, अशी काहीतरी गोष्ट होती. सिनेमा तिने पाहिला नव्हता. ती पाहायची ते वेगळंच. थेटरातून बाहेर पडणाऱ्या लोकांसमोर कोणी माईक धरतं आणि विचारतं, कसा वाटला? असले व्हिडिओ ती तासन्‌तास पाहायची.

"सारे एकच बोलतात," ती म्हणायची. "मस्त हाय, पैसा वसूल हाय. मुंबईचे, पुण्याचे. आपल्या इकडचे लोकं काय म्हणतात ते कोनीच दाखवत नाही."

मग वाशीमला तो सिनेमा लागला आणि तिने मला कामाला लावलं. पप्पा थेटरात झोपतात, मम्मी सगळीकडेच रडते, म्हणून आजी. तसंही मला त्या दिवशी तिचे रिपोर्ट आणायला वाशीमला जायचंच होतं.

"गोष्ट सांगू नको मले," तिने बजावलं. "पडद्याकडं कमी पाहा, लोकायकडं जास्त पाहा."

तीस वर्षांत मी थेटराची पायरी चढले नव्हते. आम्ही जैन, माझं जगणं ठरलेलं. पहाटे सामायिक म्हणजे घडीभर ध्यान, मग मंदिर, मग घर. सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. शिवाय नीलमसाठी मी दिवाळीपासून एकाशन धरलं होतं, म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवण, तेही उजेड असेपर्यंत. रोज दुपारी बारा-साडेबाराला जेवायची मी. त्या दिवशी रिपोर्टच्या रांगेतच दोन वाजले. म्हटलं, तीनचा खेळ आहे, सुटल्यावर भाचीकडे जाऊन जेवू. वेळ पुरेल.

खेळ साडेतीनला सुरू झाला. कुठल्याशा शाळेची सहल यायची होती, तिच्यासाठी थांबले होते.

माझ्या शेजारी अनसिंगचे एक आजोबा होते, उकंडराव. पलीकडे त्यांची बायको दुर्गाबाई, आणि त्यांच्यापुढच्या रांगेत नातवंडं. मला नातीने पाठवलंय, हे त्यांनी खेळाआधीच काढून घेतलं होतं; उकंडरावांना गप्प बसणं ठाऊक नव्हतं. यान आग ओकत वर गेलं आणि सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, तर हे म्हणाले, "कापसाच्या गंजीले अशी आग लागली असती ना, तर गाव बोंबलत सुटलं असतं. इथं टाळ्या वाजवून राह्यले!"

"चूप बसा ना," दुर्गाबाई म्हणाल्या. "लोकं पाहून राह्यले तुमच्याकडं."

"त्यायनं पडद्याकडं पाहावं. तिकीट त्याचं काढलं."

यानात सगळी माणसं तरंगायला लागली तेव्हा यांना चिंता पडली की हे लोक वरण-भात खातात कसा. "वरन तं वर जाईन!"

"तुमच्यासारखं सदऱ्यावर तं सांडत नसन," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि आसपासच्या चार रांगा हसल्या. मीसुद्धा हसले, पदर तोंडाला लावून.

मग त्या सिनेमातलं गाव दाखवलं. शंभर वर्षांनंतरचं. नदी स्वच्छ, घरांना कुलपं नाहीत, पोरं झाडाखाली शिकताहेत. उकंडराव हळू म्हणाले, "तवा आपन नसू, नाही का वं?"

"आपन कायले पाह्यजे? पोट्टे असतीन ना."

"पोट्टे बी नसतीन. त्यायचे पोट्टे असतीन."

"मंग ते असतीन," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे केली. भाजलेले, गरम, वरून मीठ. मी मान हलवली.

"उपास हाय का बाई?" उकंडरावांनी विचारलं.

"एकाशन आहे."

"नातीनं पाठवलं म्हन्ता, अन् उपाशी पाठवलं!"

मध्यंतर झालं तेव्हा साडेचार वाजून गेले होते. दार उघडलं की उन्हाची तिरीप आत यायची आणि मी ती पाहायची, पिवळी किती झाली, लांब किती झाली. डिसेंबरातला सूर्य, पावणेसहाला बुडणार. मध्यंतरानंतर मी पडद्याकडेही कमी पाहिलं आणि लोकांकडेही. दाराकडे पाहत होते.

गोष्टीत आत्या सापडली होती, पण यानात परतताना धाकटी मुलगी त्या लहानशा चंद्रावर मागे राहून गेली. यानाचं दार बंद झालं. ती बाहेरून काचेवर हात मारत होती आणि आवाज येत नव्हता. पुढच्या रांगेतला एक पोरगा खुर्चीवर उभा राहून ओरडला, "दार उघडा ना!" लोक हसले. उकंडरावांनी हातातले शेंगदाणे परत पुडीत टाकले.

मी तेव्हा उठले.

भाचीकडे पोहोचले तेव्हा ऊन भिंतीच्या वरच्या टोकाला होतं. तिने ज्वारीची भाकर केली होती, मुगाचं वरण, गुळाचा खडा. मी पोटभर जेवले. दीड भाकर खाल्ली. ती चव मला अजून आठवते, आणि ती आठवते याचीच लाज वाटते.

त्या रात्री माझा मुलगा श्रेयांस मला बसस्टँडवरून घेऊन आला, तेव्हा नीलम उशीला टेकून जागीच होती. मी तिला सगळं सांगितलं. कापसाची गंजी सांगितली, वरण सांगितलं, आणि ती एवढी हसली की ठसका लागला, माझी सून योगिनी आतून पाणी घेऊन धावत आली. "पोट्टे बी नसतीन, त्यायचे पोट्टे असतीन" हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. छताकडे पाहत म्हणाली, "पुढं सांग."

मी चंद्रावरची मुलगी सांगितली. ओरडणारा पोरगा सांगितला. मग मी म्हणाले, "मग ती आली परत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवे लागले, लोक उठले."

"अन् उकंडराव आजोबा काय म्हनाले?"

बाकीचं सगळं खोटं बोलता आलं, पण त्या माणसाचं एक वाक्य मला जुळवता येईना.

"काही नाही म्हणाले."

"एवढं बोलनारा मानूस, अन् शेवटी काहीच नाही बोलला?"

खोलीत औषधांचा वास होता. नीलम माझ्याकडे पाहत होती, रागाने नाही.

"आजी, तू उठून आली ना?"

मी मान हलवली.

"काहून?"

"एकाशन होतं ना माय. सूर्य बुडून राहिला होता. नियम कसा मोडू?"

"भूक लागली होती का तुले?"

"नाही गं. भुकेचं काय. नियमाचं होतं."

ती "बरं" म्हणाली. तिला वाईट वाटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मंग परत जाजो."

"जाईन."

"असं नाही. नियम घे. तू शपथा मोडते, नियम मोडत नाही."

मी हसले, पण ती खरंच वाट पाहत होती. मग मंदिरात साध्वी माताजींसमोर बसते तशी मी तिच्या खाटेसमोर खाली बसले, हात जोडले. म्हटलं, तो सिनेमा लोकांबरोबर बसून शेवटपर्यंत पाहीन, दिवे लागेपर्यंत उठणार नाही, आणि तुला खरं सांगीन.

"तोपर्यंत काय सोडते?"

"तू सांग."

"गूळ," ती लगेच म्हणाली. आजीला काय आवडतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या आठवड्यात थेटरातून सिनेमा उतरला. श्रेयांसने अकोल्याला चौकशी केली, तिथेही उतरला होता. जानेवारीत तो मोबाईलवर आला. "पाहून घे ना आई, मी लावून देतो," श्रेयांस म्हणाला. नीलमनेच त्याला अडवलं. म्हणाली, मोबाईलमध्ये लोकं कुठं हायेत? तिने स्वतःही पाहिला नाही. आजी आधी सांगणार, मग पाहीन, असं तिचं होतं.

संक्रांत झाली. तिळगूळ वाटला, मी खाल्ला नाही. नीलमने डब्यातली एक वडी उचलून माझ्या नाकाखाली फिरवली आणि मी तोंड वळवलं म्हणून खूश झाली. संक्रांतीनंतर नवव्या दिवशी पहाटे ती गेली. मी तिच्या कानाशी णमोकार मंत्र म्हणत होते. शेवटच्या ओळीपर्यंत ती होती की नव्हती, कळलं नाही.

आमच्यात रडून आकांत करू नये म्हणतात. जीव पुढच्या वाटेला लागलेला असतो, त्याला मागे ओढू नये. मी रडले नाही. लोक म्हणाले, अंगुरीबाईंचं मन केवढं स्थिर आहे. मन कसलं स्थिर! संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले की दिवसभराचे दोष आठवायचे असतात, आणि मला रोज डिसेंबरचा तो एकच दिवस आठवायचा. एकाशनाला उपवासात बदलता येतं. न जेवता राहिलं असतं तर नियम मोडला नसता, उलट वाढला असता. हे मला त्या खुर्चीवरही ठाऊक होतं. शेंगदाण्यांचा वास येत होता. मी नियमासाठी उठले नाही. मला भूक लागली होती. तिने सरळ विचारलं होतं, आणि "हो" म्हटलं असतं तर तिने हसून माफ केलं असतं. शेवटाचं खोटं तिने पकडलं. हे भुकेचं तिला कळलं नाही, किंवा कळूनही तिने सोडून दिलं.

आता कुणाला सांगू?

फेब्रुवारीच्या शेवटी नीलमच्या वर्गातली रूपाली घरी आली. तिच्याकडे नीलमची विज्ञानाची वही राहिली होती. वही योगिनीच्या हातात देऊन ती दारातच घुटमळली.

"आजी, माह्या मामाच्या गावाले, अनसिंगले, शाळेत तो शिनेमा हाय. अठ्ठावीस तारखेले. विज्ञान दिवस हाय ना. मैदानात पडदा लावनार हायेत. साऱ्या गावाले बलावलं." मग एका दमात म्हणाली, "म्या पाह्यला मोबाईलवर. शेवटी ना आजी, ते पोरगी..."

मी चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. ती घाबरली.

"सांगू नको माय," मी म्हटलं. "मला पाहायचंय."

योगिनी वही छातीशी धरून उभी होती. महिनाभरात ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती. कोणाचा राग होता असं नाही, बोलणंच संपलं होतं तिचं. त्या रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "आई, तुमी जासान?"

"जाईन."

"लोकं काय बोलतात ते मले सांगजा. तिले सांगनार होत्या, तसंच."

आज अठ्ठावीस. सकाळी मंदिरात उपवासाचा नियम घेतला, पाण्याशिवायचा. म्हणजे आता सूर्य कधीही बुडो, मला दाराकडे पाहायचं कारण नाही. आणि भूक लागली तर लागू दे. या वेळी ती तिथेच बसून सोसायची आहे, आणि त्या दिवशी मी भुकेनेच उठले, हे नीलमला आधी सांगायचं आहे, सिनेमा सांगायच्या आधी.

तीन वाजता श्रेयांस दुकानातून आला. "मी सोडून देतो ना गाडीनं. दोन बस बदलत कुठं जाते?"

"बसनेच जाते. गेल्या वेळी बसनेच गेले होते."

"मंग घ्यायले येतो. संपलं की फोन कर."

"दिवे लागल्यावर करीन."

माझी चप्पल त्याने दारात सरळ करून ठेवली.

उकंडराव येतील का, ठाऊक नाही. गाव त्यांचं आहे, नातवंडं शाळेतली आहेत, येतील. त्यांना मी ओळखू आले तर ते विचारतील, नातीनं आजबी उपाशी पाठवलं का? तेव्हा काय बोलायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. ती मुलगी चंद्रावरून परत येते की नाही, हेही मला माहीत नाही. "आली" असं मीच तिला सांगून बसले आहे.

निघताना योगिनीने माझ्या पिशवीत एक कागदाची पुडी ठेवली. हाताला लागताच कळलं, गुळाचा खडा होता.

"उद्या सकाळच्या पारन्याले," ती म्हणाली. "तुमी शेवट पाह्यल्यावर."

मी पिशवी खांद्याला लावली, नीलमच्या रिकाम्या खोलीचं दार ओढून घेतलं, आणि बसस्टँडची वाट धरली.