वायर काढल्यावरचा आवाज

मी बोलतोय, पावणं! शिवाजी पेठेतला, काड्यापेटीएवढा, गाणी वाजवायचा प्लेअर. मागं काय बघताय? मागं कुणी नाही. तुमच्या कानातच बोलतोय की!

मला बादशहानं घेतलं. फुटबॉलच्या मॅचला माईकवर बोलायचा तो. असा बोलायचा की टाळ्या आधी पडायच्या आणि गोल मागनं व्हायचा. घरी आला की मला कानाला लावायचा. पुढं मोबाईल आले, मी कपाटात गेलो. औंदा बादशहाही कबरीत गेला.

त्याच्या पोराच्या, सोहेलच्या, कंप्युटरचा आवाज बसला. साउंड कार्ड गेलं म्हणे. सोहेलनं मला शोधून काढलं, वायरीनं कंप्युटरला जोडलं आणि हेडफोन माझ्यात खोचला. झालं! बोलणार कंप्युटर, घसा माझा.

मग मला चेवच आला. मधीच खरखर करायचो, सोहेल दचकायचा. माणसाची एक गंमत आहे बघा, यंत्र अडलं की आधी फुंकर, मग चापट, मग शिवी. सगळं खाल्लं आणि वर हसलो.

बादशहाच्या जुन्या मॅचचं बोलणं कंप्युटरवर होतं. त्याची बायको चाँदबी दुपारी ते ऐकत बसायची. तिची खोडी मात्र मी कधी काढली नाही.

एका दुपारी मॅच संपली. सोहेलनं कंप्युटर बंद केला, माझी वायर काढली. हेडफोन चाँदबीच्या कानातच होता. आणि माझ्यातनं आवाज आला, "चाँदे, ऐकतीस न्हवं?"

ज्या कारखान्यात जन्मलो त्याची शपथ, तो मी नव्हतो!

"व्हय की," चाँदबी म्हणाली.

"अम्मी, कुणासंगं बोलतीस? वायर काढलीया गं."

"तुझ्या अब्बाला वायर लागती व्हय रं?"

तेव्हापासून तो रोज येतो. ती जेवायची विसरते. काल म्हणाला, "उद्या सोहेल कामावर गेला की न्यायला येतो. तयार राहा."

सोहेल आत्ताच गेला. तिनं केस विंचरलेत, ठेवणीतली साडी नेसलीय. अंगात होती तेवढी खरखर मी केली. तिनं मला थापटलं, "गप रं मुडद्या, त्यांस्नी बोलू दे."

तो हसला. माझ्याच घशातनं.

पावणं, खोडकराचं खरं कोण मानतंय? पण एवढी एकच इनंती. तिच्या दारात उभं राहून मोठ्यांदा वरडा, "चाँदबी, च्या टाका!" दारात आलेल्याला च्या पाजल्याबिगर ती कुठं म्हणून जात नाही.

बिगीबिगी या की. एक चप्पल तिनं घातलीसुद्धा.