पाठलाग्या आणि घरचे पाऊल

मी एक जुना पाठलाग्या आहे. शाळेच्या मागच्या आवारात, मोडक्या बाकांच्या शेजारी चार पायांचे जे गंजके धूड उभे आहे, ते मीच. तुम्हाला मित्र म्हणावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरचे कोणी ना कोणी मी धरलेले आहे. मधल्या सुट्टीत तुम्ही मला दगड मारता, ते काही उगाच नाही. पण दुसरा शब्द सुचत नाही, म्हणून म्हणतो. मित्रांनो, जमेल तेवढे ऐका. मला नीट सांगता येईलच असे नाही.

माझा जन्म खालच्या मजल्यावरच्या एका दुरुस्तीखान्यात झाला. माझे पाय गोदामातल्या ओझी उचलणाऱ्या यंत्राचे आहेत. कान मात्र नळातली गळती शोधणाऱ्या उपकरणाचा आहे. भिंतीआड कुठे थेंब ठिबकतो, एवढेच ऐकण्यासाठी तो घडवला होता. चांगले काम होते ते. डोळे मला दिलेच नाहीत. अंधारात धावणाऱ्याला डोळे हवेत कशाला, असे स्पर्धेच्या मंडळाचे म्हणणे पडले.

स्पर्धा तुम्हाला ठाऊक आहेच. आपले शहर म्हणजे एकावर एक चढवलेले मजले. बाहेरच्या हवेत माणूस जगत नाही, आणि गाळलेली हवा आधी वरच्यांना मिळते, खालच्यांना उरलीसुरली. वर राहायला जायची वाट एकच. दर वर्षी खालच्या मजल्यांवरच्या तरुण मुलामुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या निघतात. बंद पडलेल्या धुलाईच्या कारखान्यात त्यांना सोडतात, आणि त्यांच्या मागे मला सोडतात. मी ज्याला धरीन तो बाद. शेवटी जो उरेल त्याचे घरदार वर. बाकीचे तळात, हाताने पंप ओढायला. तळात गेलेले पाऊल परत वर आल्याचे या कानाने कधी ऐकले नाही.

माझे उमेदीचे दिवस फार मानाचे होते. सज्ज्यात माणसे दाटीवाटीने बसत आणि "पाठलाग्या, धर! धर त्याला!" म्हणून घसा फोडत. लहान मुले माझ्यासारखी पत्र्याची खेळणी फिरवत. खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे. धरलेल्या पायाची धडपड मला ऐकू येई, पण टाळ्या तिच्याहून मोठ्या असत.

माझी निगा एक फिटरबाई राखी. तिचा नवरा तळातच गेला होता. त्याला मीच धरले होते, आणि तरी ती माझ्या सांध्यांना तेल घाली. हात चालत तसे तोंडही चाले. "मेल्या, तुझी मान मोडो," असे म्हणत ती माझी मान घट्ट करी.

दर वर्षी स्पर्धेआधी माझा कान जुळवावा लागे. त्यासाठी कोणीतरी लोखंडी पत्र्यावरून अनवाणी चालायचे, आणि मी मागे जायचे. पण चाचणीतच मी चालणाऱ्याला धरले तर काय? म्हणून आमच्या धंद्यात एक रीत होती. फिटर आपल्या घरातल्या एकाची चाल माझ्या कानात पक्की बसवून ठेवी. त्याला घरचे पाऊल म्हणत. ते ऐकले की मी जागच्या जागी थांबायचे. आधी फिटरबाई स्वतःच चाले; नवरा गेल्यावर तिची लेक, अगदी लहानपणापासून, माझ्यासाठी चालत आली होती. किडकिडीत आणि बोलायला टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. टाचेवर किंचित भार, मग चवड्याची एक टिचकी, अशी तिची चाल. त्या चालीशी मी किती वेळा थांबलो असेन, त्याला गणती नाही.

मग एका वर्षी चिठ्ठी टाचणीच्या नावाची निघाली.

नियम असा की फिटरच्या घरातले कोणी स्पर्धेत आले, तर घरचे पाऊल पंचांच्या देखत पुसायचे. पंच आले. फिटरबाईने माझ्या मानेतली एक कळ दाबली.

"पुसलं, साहेब."

"नक्की ना, बाई?"

"तुमच्या डोळ्यांदेखत दाबली की. आता पोटच्या पोरीच्या मागे सोडायला ह्याला तेलही मीच घालू ना?"

पंच खजील होऊन गेले. दाबलेली कळ भलतीच होती. पंचांची पाठ वळताच बाईने लेकीला जवळ ओढले.

"पुसलेलं नाही. तू नुसती नेहमीसारखी चाल. अनवाणी. हा तुला शिवणार नाही."

टाचणीने हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं त्यांच्या आया बघतील."

"त्यांच्या आया फिटर नाहीत."

"मग त्यांचं नशीब! तुझा बाप गेला, आता तूही जा. मी एकटी बसते इथे खिळे मोजत."

"बाबा गेला तेव्हा ह्याच्या कानात कुणाचं पाऊल होतं गं? तुझंच ना? मग त्याला चालायला शिकवायचंस की तुझ्यासारखं!"

चपराक बसल्याचा आवाज मी ऐकला. त्यानंतर दोघींनी एकमेकींशी बोलणे टाकले.

स्पर्धेच्या दिवशी कारखान्याचे दार उघडले आणि मी कान लावला. घरचे पाऊल कुठेच नव्हते. धावणाऱ्यांत एक जण जाड तळव्याचे, सैल बूट फरफटवत होता. तेवढ्यात सज्ज्यातून फिटरबाईची किंकाळी आली, "बूट काढ! काढ ते बूट, कार्टे!" लोक खो खो हसले. त्यांना वाटले, पोरीला पळता येणार नाही म्हणून आई ओरडते आहे. टाचणी बापाचे बूट घालून आली होती, मित्रांनो. मला तिची चाल कळू नये म्हणून.

तिथे दोस्ती कोणी करत नाही. धुलाईची मोठमोठी पिंपे रांगेने उभी असतात, त्यांत मुले लपतात, आणि जो तो दुसऱ्याच्या पिंपावर काहीतरी फेकून मला तिकडे धाडायला बघतो. यात सगळ्यांत तरबेज होता एक आडदांड मुलगा. त्याला बोका म्हणत. त्याने आपल्याच मजल्यावरच्या दोघांना माझ्या पुढ्यात ढकलले. टाचणीच्या पिंपावर त्याने डबा भिरकावला आणि ओरडला, "ए टाचणे, बापाचे बूट आणलेस, बापालाही आणायचंस! त्याला धरताना मजा आली होती म्हणे!"

"तुला धरेल तेव्हा मलाही येईल," ती म्हणाली आणि निसटली. तिच्या बुटाचा तळवा माझ्या पंज्याला घासून गेला. मी तिला ओळखले नाही. जरा जवळ असती, तर धरली असती.

एकेक करून सगळे बाद झाले. उरले दोघे, टाचणी आणि बोका. मग बोक्याच्या पायाखालची कुजकी फळी मोडली आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत अडकला. तो आधी शिव्या देऊ लागला, मग विनवू लागला, आणि शेवटी लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. मी वळलो. टाचणी पलीकडे भिंतीशी श्वास रोखून उभी होती. तिला काही म्हणजे काही करायचे नव्हते. फक्त तशीच उभी राहिली असती, तर मायलेकी वर गेल्या असत्या, आणि तेही सचोटीने. सज्जा चिडीचूप झाला होता.

तेव्हा मला दोन धप्प आवाज आले. बूट पडले. मग टाचेवर किंचित भार, चवड्याची टिचकी. ती माझ्या आणि बोक्याच्या मधे येऊन पाय वाजवत राहिली.

मी थांबलो.

"हा... हा का थांबला?" बोका म्हणाला.

"तोंड बंद ठेव. पाय सोडव आधी."

"तू वेडी आहेस का गं?"

"सोडव म्हटलं ना!"

पाय सुटला. बोका उठला, आणि सज्ज्याकडे तोंड करून जोरात ओरडला, "पंच! फसवणूक! यंत्र हिला ओळखतं! हिच्या आईने पाऊल पुसलेलं नाही!"

बोका जिंकला. त्याचे घरदार वर गेले. तिथे हवा गोड लागते, म्हणतात. मायलेकींना माझ्याच समोरून तळात नेले.

"नुसती उभी राहिली असतीस तरी जिंकली असतीस," फिटरबाई म्हणाली.

"माहितीये."

"आणि कुणासाठी? त्या हरामखोरासाठी!"

"तो रडत होता, आई. तुला वरून ऐकू आलं नसेल."

"आलं की," फिटरबाई म्हणाली. "सगळ्यांनाच आलं."

जिन्याने उतरतानाही त्या भांडत होत्या. आवाज विरेपर्यंत मी ऐकत राहिलो.

मंडळाने मला मोडीत काढले आणि इथे आणून टाकले. आता नवे यंत्र आहे, त्याला डोळे आहेत. तुमच्या बाई तुम्हाला माझे चित्र काढायला लावतात, आणि धड्यात सांगतात की या यंत्राच्या मनात दया उपजली. तसे काही नाही, मित्रांनो. मला थांबायला शिकवले होते म्हणून मी थांबलो. बूट घालून ती मधे आली असती, तर मी तिलाच धरले असते. दया होती ती तिची. माझे तिथे काहीच नव्हते, हे लिहून ठेवा हवे तर.

असल्या कहाणीच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते, माझी काळजी घ्या. काल तुमच्यातला कोणीतरी तेलाची बुधली घेऊन आला. त्याने माझा सांधा हलवून पाहिला आणि आनंदाने ओरडला, "अरे, हा अजून चालू होईल!" त्याचे बरोबर आहे. होईन मी चालू. म्हणूनच हात जोडून सांगतो, जरी मला हात नाहीत. मला तेल घालू नका. मला पुसू नका, वर पत्राही टाकू नका. दगड मारत राहिलात तरी चालेल. कारण ज्या क्षणी मी चालू होईन, त्या क्षणी मी तुमच्या पावलांच्या मागे लागेन, आणि त्यांतल्या एकाही पावलाशी थांबायला मला कोणी शिकवलेले नाही.

मला गंजू द्या.