गुडघ्याचा पेच

बलभीम माझा तालमीतला जोडीदार. आमच्या तेर गावाच्या आसपास त्याला चीत करणारा गडी नव्हता. हे तो स्वतः कधी सांगायचा नाही. त्याचे वडील तात्याराव वस्ताद रोज सांगायचे. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

दुष्काळानं तालीम ओस पडली. खुराकाचं राहू द्या, भाकरीचीच मारामार. अशात नव्या सहकारी साखर कारखान्याला रखवालदार हवे होते. आम्हा दोघांची निवड झाली, पण कामावर घेण्याआधी ज्युदो शिकायची अट पडली. शिकवायला फौजेतून आलेले शिवप्पा मास्तर. बलभीमची बायको जाईबाई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तीही पोटुशी असताना. पगार सुरू झाला की तिला घरी बसवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

शेवटी शेवटी मास्तरांनी पायाचा एक पेच दाखवला. "ज्युदोच्या सामन्यात ह्याला बंदी हाय. कोपर आधी दुखतंय, मग मोडतंय. गुडघा आधी सांगत न्हाय. उद्या कुणी तुमच्यावर घातला तर वळखता यावा, म्हणून दावतोय. ताण बसला की लगीच गादीवर हात आपटा. समोरचा सोडंल."

हात आपटायचा म्हणजे हरलो म्हणायचं. आमच्या तालमीत पाठ मातीला लागेपर्यंत कुणी हरत नसतो. आपणहून हार कबूल करणाऱ्याला वस्ताद पुन्हा लंगोट कसू द्यायचे नाहीत. आणि नेमके त्या दिवशी ते लेकाचा ज्युदो बघायला आले होते.

उत्तरेश्वर नावाच्या गड्यानं बलभीमचा पाय काखेत धरून पिळला. मी ओरडलो, "आपट की रं हात!" बलभीमनं दाराशी उभ्या वडिलांकडं पाहिलं आणि मुठी आवळल्या. मास्तर "सोड" म्हणेपर्यंत गुडघा कडकन वाजला.

नोकरी गेली. लंगड्याला रखवालदार कोण ठेवणार? मला म्हाताऱ्याचा असा संताप आला, की बरेच दिवस त्यांच्या घराची पायरी चढलो नाही.

मग एका संध्याकाळी न राहवून गेलो. जाईबाई अजून कामावरून आली नव्हती. तात्याराव लेकाच्या गुडघ्याला तेल चोळत होते आणि ओट्यावर बसलेल्या चार माणसांना सांगत होते, "पाय मोडला, पर गड्यानं हार मानली न्हाय. माझं रगत हाय ते!"

बलभीम वडिलांना कधी उलटून बोलला नव्हता. त्या दिवशीही आवाज चढवला नाही.

"तात्या, म्या हरलो असतो, तर आज जाई घरात असती."