बाहेरचा जिना

माणसाने आजवर जे जे बांधले ते मोकळे होण्यासाठीच बांधले, अशी जावयाची श्रद्धा होती. या घटकेला मात्र त्यानेच बांधलेल्या वरच्या मजल्यावर एक माणूस अडकला होता, आणि जावई बाणाचे बटण दाबदाबून त्याला पुन्हा पुन्हा दारावर आपटत होता.

माणूस बोटभर उंचीचा, निळ्या शर्टाचा. घराचे नकाशे काढायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फिरून पाहा’ असे एक बटण होते. ते दाबले की हा गृहस्थ पडद्यावरच्या घरात उगवे आणि खोल्याखोल्यांतून हिंडे. काही आडवे आले तरी थांबत नसे. जागच्या जागी पाय हलवत, चेहऱ्यावरचे हसू ढळू न देता, तो चालतच राही.

सासूबाई वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन मागून गेल्या आणि परत आल्या.

"अजून तिथेच आहे का हो तो?"

"हो."

"सकाळपासून? चहापाणी तरी विचारलंत का त्याला?"

"त्याला काही लागत नाही."

"काही लागत नाही म्हणणारेच पुढे जड जातात," असे म्हणून त्यांनी जावयाचे दोन शर्ट घडी घालून त्याच्या शेजारी ठेवले.

लग्न झाले तेव्हा जागा मिळेपर्यंत इथे राहायचे, असे ठरले होते. पुढे ‘जागा मिळेपर्यंत’ हे शब्द घरात कोणी उच्चारेनासे झाले, बऱ्या झालेल्या माणसापुढे आजाराचे नाव काढत नाहीत तसे. तक्रार करावी असे काही नव्हते, हीच जावयाची मोठी तक्रार होती. सासूबाई त्याच्या आवडीची भाजी त्याला अंमळ जास्तच वाढत. सासरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. सबंध शहराचे पाणी त्यांनी आयुष्यभर सोडले आणि बंद केले, पण घरात कोणाला शब्दाने दुखावले नव्हते. त्यांची फक्त एक आरामखुर्ची होती. ती घराच्या एकुलत्या एका दाराकडे तोंड करून ठेवलेली असे, आणि तिच्यात ते असत.

"निघालात? कुठे?"

यात हेरगिरी नव्हती, निव्वळ माया होती. उत्तर मिळाले की ते "बरं, जपून" म्हणत आणि पुन्हा पेपरात डोके घालत. पण कुठेच न जाणाऱ्या माणसाकडे या प्रश्नाला उत्तर नसते. जावयाला संध्याकाळी नुसते बाहेर पडावेसे वाटे. कोपऱ्यापर्यंत जावे, उभे राहावे, परत यावे. एकदा त्याने "असंच" असे सांगून पाहिले. सासरे खुर्चीतून उठले. "ऑफिसात काही झालं का?" असे त्यांनी हलक्या आवाजात विचारले, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांची काळजी सासूबाईंमार्फत एका गोड पदार्थात उतरली. जावयाला तो दोनदा घ्यावा लागला. तेव्हापासून तो "पेन आणायला" असे सांगे, आणि खोटे ठरायला नको म्हणून पेन आणी. कपाटाचा एक खण भरून आता दुसरा सुरू झाला होता.

म्हणून सासऱ्यांनी जेव्हा जाहीर केले, की गच्चीवर दोन खोल्या काढून टाकू, तुम्हा दोघांना पाय पसरायला होईल, तेव्हा जावयाने मनातल्या मनात गच्चीवर एक वेगळे दार बसवूनही टाकले.

"नकाशा तुम्हीच काढा, जावईबापू. कंप्युटर तुमच्या हातातला. जिना तेवढा हॉलमधून घ्या, माझ्या खुर्चीच्या बाजूने. म्हणजे येता-जाता दिसत राहाल."

मनातले ते दार तिथेच मिटले.

जावई विमा कंपनीत नोकरीला होता. लोकांचे दावे नाकारण्याची पत्रे लिहिणे, हे त्याचे काम. खेद, सहानुभूती आणि नकार या क्रमाने जाणारी त्याची पत्रे साहेब नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवीत. जळालेल्या दुकानाच्या मालकाला तो शांतपणे नाही म्हणू शके. सासऱ्यांना मात्र त्याने आजवर दुसऱ्या वाढीलासुद्धा नाही म्हटले नव्हते.

त्याने सांगितल्याप्रमाणे हॉलमधून जिना काढला. सॉफ्टवेअरने तो छतापर्यंत नेला आणि तिथेच सोडून दिला. छताला भोकच पडेना. निळा शर्ट पायऱ्या चढून गेला, त्याचे डोके स्लॅबमध्ये गडप झाले आणि उरलेला तो तसाच चालत राहिला. त्या दृश्याकडे जावई बराच वेळ बघत बसला. मग त्याने सासऱ्यांना हाक मारली.

"बाबा, आतला जिना हे घेत नाही."

"घेत नाही म्हणजे?"

"नियमात बसत नाही त्याच्या. खेद वाटतो, पण..."

सासऱ्यांनी चष्मा चढवून पाहिले. "अरे बापरे. डोकंच गेलं की हो याचं."

"म्हणून म्हटलं, बाहेरून घ्यावा."

"घ्या, घ्या. माणसाच्या जिवाशी खेळ नको."

इतके सोपे होते ते. जावयाने बाहेरच्या भिंतीला जिना लावला, वर छोटा सज्जा, सज्ज्याला कठडा, भिंतीत दार. जिना थेट फाटकाशी उतरत होता. त्याच्या वाटेत खुर्ची नव्हती. आणि आता ते दारच उघडत नव्हते.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या टेबलावरून त्याने सॉफ्टवेअरच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या बाईने त्याचा पडदा स्वतःकडे उघडून घेतला.

"दार बाहेर उघडतंय ना, सर? बाहेर लगेच कठडा आहे. दार कठड्याला अडतंय म्हणून माणूस अडलाय. आत उघडेल असं करा. दारावर दोनदा दाबा, बाजू बदला."

जावयाने बाजू बदलली. निळा शर्ट दारातून बाहेर आला, सज्ज्यावर उभा राहिला, पायऱ्या उतरला आणि फाटकापाशी थांबला. त्याला कोणी काही विचारले नाही. जावयाने डबा बाजूला सरकवला आणि त्याला पुन्हा वर नेऊन पुन्हा खाली आणले.

"आणखी एक दिसतंय," बाई म्हणाली. "आतला जिना स्लॅबला धडकतोय. स्लॅब आपोआप कापायची खूण असते, ती तुमची राहिलीय. करून देऊ? एका सेकंदाचं काम आहे."

"नको."

"अहो, चांगला बसतोय जिना."

"तो काढूनच टाकायचाय."

"का पण?"

जावयाने आजूबाजूला पाहिले. "घरगुती अडचण आहे."

"बरं," बाई म्हणाली. घरांचेच काम असल्यामुळे तिला या अडचणीची सवय असावी. "शेवटचं सांगते. वरच्या खोल्यांना नावं दिलेली नाहीत तुम्ही. नाव द्या, सर. बिननावाची खोली आमच्याकडे मोकळी जागा धरतात. मग कोणीही येऊन काहीही टाकतं तिथे."

"देतो."

"सगळे देतो म्हणतात."

घरी बायकोने नकाशा पाहिला तो खोलीचे दार लोटून, आवाज बारीक करून. भिंतीपलीकडे सासऱ्यांचा रेडिओ हवामान सांगत होता. तिने निळ्या शर्टाला एकदा वर नेले, एकदा खाली आणले.

"मस्त आहे रे." मग थोड्या वेळाने, "बाबांना सरळ सांगून का टाकत नाहीस?"

"काय?"

"की आम्हाला वेगळं दार हवंय."

"तू सांग."

"माझे वडील आहेत ते. मी सांगितलं तर वाईट दिसेल."

"आणि मी सांगितलं तर?"

"तुझं तर दिसेलच." तिने पडद्यावरच्या रिकाम्या खोलीवर बोट ठेवले. "निदान इथे नाव तरी टाक. आमची खोली म्हण. चांगलं ठसठशीत."

"बरं नाही दिसत गं. हावरटासारखं वाटतं. बघितलं की त्यांना आपोआप कळेल."

"आपोआप काय कळतं रे तुम्हा पुरुषांत कोणाला?" ती म्हणाली आणि उशी ठोकून सारखी करू लागली. उशी सारखीच होती.

रविवारी दुपारी जावयाने लॅपटॉप टीव्हीला जोडला. सासऱ्यांसाठी आरामखुर्ची पहिल्यांदाच दाराकडे पाठ करून फिरवण्यात आली. सासूबाई हात पुसत येऊन बसल्या. बायको सोफ्याच्या हातावर टेकली, पटकन उठता येईल अशी.

"सुटला का तो?" सासूबाईंनी विचारले.

"सुटला."

"द्या इकडे," म्हणून सासऱ्यांनी माऊस हातात घेतला, पाण्याच्या व्हॉल्व्हचे चाक फिरवावे तसा, दोन्ही हातांनी. निळा शर्ट वरच्या खोलीत उभा होता. सासऱ्यांनी त्याला खिडकीपाशी नेले, न्हाणीघरात नेले, तिथे थोडा वेळ घालवला. मग दार उघडले. तो सज्ज्यावर आला, पायऱ्या उतरू लागला. जावयाच्या नकळत त्याचीही टाच प्रत्येक पायरीला जमिनीवर टेकत होती. फाटक आले.

सासऱ्यांनी त्याला परत वर पाठवले, आणि परत खाली आणले.

"म्हणजे वरचा माणूस आला काय, गेला काय, आपल्याला पत्ताच लागायचा नाही?"

"नाही, बाबा."

"आपण त्याच्या वाटेत नाही, तो आपल्या वाटेत नाही."

"नाही." जावयाने बायकोकडे पाहिले. बायको टीव्हीकडे पाहत होती.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बोलले तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता.

"जावईबापू, मी तुमच्यासाठी म्हणून खोल्या काढायला निघालो होतो. तुम्ही मात्र आधी घराचा विचार केलात. इतका लांबचा तर मलाही सुचला नव्हता. आत शिरायचं कामच नाही! भाडेकरू ठेवायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही."



"भाडेकरू?" बायको म्हणाली. "बाबा, वर आम्ही..."

"तुम्ही कशाला वर? वर राहायचं असतं तर यांनी आतला जिना काढून टाकला असता का? तुम्हाला चोरासारखं बाहेरून जायला लावू काय मी?"

बायकोने जावयाकडे पाहिले. सासूबाईंनी पाहिले. निळा शर्टही फाटकाशी उभा राहून हसत त्याच्याचकडे पाहत होता. एक वाक्य पुरले असते. स्लॅब कापायची खूण लावायची राहिली होती, एका सेकंदाचे काम आहे, एवढेच. पण त्याच्यामागून दुसरे वाक्य आले असते, मी मुद्दामच लावली नाही हे, आणि मग तिसरे. जावयाचे तोंड उघडले.

"सॉफ्टवेअर घेत नव्हतं," तो म्हणाला.

"तेच तर. मनात आणलं असतंत तर घ्यायला लावलं असतंत. पण तुम्ही बोलून दाखवणाऱ्यातले नाही." सासरे पडद्याकडे वळले. "या खोलीला नाव का नाही? जागा रिकामी सोडलीय."

त्यांनी एका बोटाने टाइप करायला घेतले. एकेक अक्षर शोधावे लागत होते. भ सापडला. काना सापडला. ड बराच वेळ सापडेना, तेव्हा सासूबाईंनी तो दाखवला. बायको उठून आत गेली. आतून भांडी लावल्याचा आवाज येऊ लागला. भांडी सकाळीच लावून झाली होती.

"अक्षरं जरा मोठी होतात का हो?" सासऱ्यांनी विचारले. "ठसठशीत दिसलं पाहिजे."

"होतात," जावई म्हणाला आणि पुढे वाकून त्याने ती मोठी केली.

बांधकाम नकाशाबरहुकूम झाले. मिस्त्री म्हणाला, इतकं स्वच्छ काम फार कमी लोक काढून देतात. दार आत उघडत होते, कठड्याला कुठे लागत नव्हते. भाडेकरू म्हणून एक सडाफटिंग गृहस्थ मिळाला, चष्म्यांच्या दुकानात नोकरीला. तो कधी येई आणि कधी जाई ते खाली कोणाला कळत नसे. सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला जिना दाखवीत आणि म्हणत, ही सगळी आमच्या जावईबापूंची कल्पना. त्यांनी स्वतः वर जायचं नाकारलं, बरं का.

एका संध्याकाळी जावयाने चपला पायांत सरकवल्या. आरामखुर्ची पुन्हा दाराकडे तोंड करून होती.

"निघालात? कुठे?"

"पेन आणायला."

"बरं, जपून."

तो अंगण ओलांडून फाटकाशी आला, तेव्हा भाडेकरू जिना उतरत होता. हात मोकळे, शीळ घालत, निळा नव्हे पण चौकड्यांचा शर्ट घातलेला. शेवटच्या पायरीवर तो थांबला आणि शेजारधर्म म्हणून हसला.

"काय, कुठे निघालात?"

"पेन आणायला," जावई म्हणाला.

"वा. चला, मी असाच निघालोय," असे म्हणून भाडेकरू उलट दिशेला वळला आणि दिसेनासा झाला.

जावई कोपऱ्यापर्यंत गेला. पेनाचे दुकान बंद होते.